आधी टनर फिरवला, मग पाना लावला

क्लोरीनचा टनर (सुमारे टनभर द्रव क्लोरीन मावणारी पोलादी टाकी) गळतोय म्हणून बोलावणे आले, तर बहुतेक वेळा गळत असतो तो त्याचा एखादा जोड. रायगडमधल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्या फेब्रुवारीतही तेच झाले होते. वसाहतीच्या परस्पर मदत गटाकडून आमची टीम गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा टनर शेडबाहेर कारखान्याचे फायर फायटर हायड्रंटचा होज सोडून तयारीत उभे होते. पिवळट हिरवा पट्टा शेडच्या दारातून जमिनीलगत सरपटत बाहेर येत होता. हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे तो वर जात नाही. गटारे आणि केबलचे चर धरून पुढे सरकतो.

शिफ्ट इन्चार्जने विचारले, "साहेब, पाणी मारायला घेऊ ना?"

"टनरवर एक थेंबही नको. होज वाऱ्याच्या खालच्या बाजूला न्या, फॉग करा, म्हणजे बारीक तुषार, आणि पडदा धरा."

द्रव क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळते. हायड्रंटचे पाणी असते २५-२८ अंशांचे. ते गळतीवर पडले की द्रव झपाट्याने उकळतो आणि ढग वाढतो. शिवाय ओला क्लोरीन म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल. कोरड्या क्लोरीनला वर्षानुवर्षे दाद न देणारे पोलाद आणि पितळ त्यात झपाट्याने खाल्ले जाते आणि सुईएवढे छिद्र मोठे होते. पाण्याच्या पडद्याचाही उपयोग बेताचाच, कारण क्लोरीन पाण्यात फार विरघळत नाही. ढग थोडा फाटतो आणि त्याची दिशा बदलता येते, एवढेच.

वाऱ्याकडे त्याहून कमी लक्ष होते. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकच्या चिंध्या झाल्या होत्या. असेंब्ली पॉइंट मेन गेटजवळ, म्हणजे पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्याच्या हिशेबाने ठरवलेला. फेब्रुवारीच्या सकाळी मात्र कोकणपट्टीत मतलई वारे वाहतात आणि दुपारकडे खारे वारे सुरू होतात. सकाळी मतलई वारा ढग गेटकडेच नेत होता आणि सायरन ऐकून माणसेही तिकडेच जमली होती. त्यांना वाऱ्याला आडवे चालवत बाजूच्या उंचवट्यावर हलवले. वारा पाठीशी घेऊन पळालात तर ढग मागोमाग येतो, समोरून गेलात तर ढगातच शिरता. आमचे कमांड पोस्टही दुपारपर्यंत दुसऱ्या अंगाला न्यावे लागणार, हे आधीच धरून गाडी त्या बेताने लावली.

आत जायला दोघे बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा देणारा श्वसनसंच) लावून आणि दोघे तसेच तयार होऊन बाहेर. कॅनिस्टर मास्क इथे चालत नाही. क्लोरीनची जीवघेणी धोक्याची पातळी १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) धरतात आणि बंद शेडमध्ये किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ३०० बारचा सिलिंडर कागदावर ४५ मिनिटे चालतो. धापा टाकत काम करणाऱ्याला तो अर्धा तासही पुरत नाही. ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजते. पण परतीची वेळ बाहेरच्या माणसाने पाटीवर लिहिलेली असते, शिट्टीची वाट बघायची नसते.

टनर ९०० किलोचा, भरलेला. आडव्या ठेवलेल्या टनरचे दोन व्हॉल्व्ह एकावर एक, उभ्या रेषेत यावे लागतात. वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. इथे व्हेपोरायझरसाठी (द्रवाचा वायू करणारे यंत्र) खालच्या व्हॉल्व्हला तांब्याची नळी जोडली होती आणि गळती योकच्या (नळी व्हॉल्व्हवर आवळून धरणारी पकड) जोडातून होती, म्हणजे द्रवाची. द्रवाचा वायू होताना आकारमान साडेचारशे पटींहून जास्त वाढते. त्यामुळे भोक तेवढेच असले तरी त्यातून द्रव येतो की वायू, यावर सगळे ठरते. म्हणून पाना हातात घेण्याआधी टनर रोलरवर अर्धा फेरा फिरवायचा आणि गळता व्हॉल्व्ह वर आणायचा. नळी दोन मीटरची, मध्ये वेटोळे असलेली. क्लॅम्प सोडल्यावर तिच्यासकट टनर फिरला. ताठ पाइप असता तर हे इतके सरळ झाले नसते.

फिरवल्यावर पाच मिनिटांत फरक दिसला. दाराबाहेरचा पट्टा विरळ झाला. टनरच्या खालच्या अंगावर दव धरले आणि त्याची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. वायू निघू लागला की आतला द्रव स्वतःच्याच उष्णतेवर उकळतो, थंड होतो आणि दाब उतरतो. तीस अंशांना दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोच्या आसपास असणारा दाब शून्य अंशाला तीनच्या खाली येतो. तेव्हा गळतीच आपल्याला थोडी मदत करत असते, फक्त टनर तापू द्यायचा नाही.

आता व्हॉल्व्ह. तो मुळात बंद का झाला नव्हता, हे स्पिंडल (व्हॉल्व्ह उघडा-बंद करणारा दांडा) पाहिल्यावर कळले. चौकोनी टोकाचे कोपरे झिजून गोल झाले होते. पाइप रेंच आणि त्याला वर पाइपचा तुकडा, असा जोर लावलेला. हा व्हॉल्व्ह एका फेऱ्यात पूर्ण उघडतो आणि त्याला २०० मिलिमीटरचा हातपानाच पुरतो. जास्त जोराने स्पिंडल पिळवटतो किंवा सीट चिरते. आमच्या गळती रोखायच्या किटमधला घट्ट बसणारा बॉक्स पाना बसवून, त्याच्यावर हाताची चापट मारत मारत तो जवळजवळ बंद झाला. स्पिंडलभोवतीचा ग्लँड नट पाव फेरा आवळला. मग नळीतला वायू हेडरवाटे, म्हणजे मुख्य पाइपातून, स्क्रबरला (क्लोरीन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शोषून घेणारी यंत्रणा) सोडला, योक काढला आणि तोंडावर नवा वॉशर घालून आउटलेट कॅप चढवली. अख्ख्या व्हॉल्व्हवर झाकण म्हणून हूड बसवायची वेळ आली नाही.

तपासणी अमोनियाच्या वाफेने. काडीला गुंडाळलेला बोळा लायकर अमोनियात (अमोनियाचे पाण्यातले द्रावण) बुडवून जोडाजवळ फिरवायचा. क्लोरीन असेल तर पांढरा धूर दिसतो. बोळा पितळेला टेकवायचा नाही, अमोनिया पितळ खातो. ग्लँडपाशी धूर नाही, कॅपपाशी नाही. दोन्ही टोकांच्या सहा फ्युजिबल प्लगपाशीही (तापल्यावर वितळणारी सुरक्षा-बुचे) पाहिले. ते सुमारे ७० अंशांना वितळतात, म्हणून गळका टनर उन्हात ओढून ठेवणे हा वेडेपणा.

मूळ कारण काढलेल्या योकमध्ये सापडले. शिशाच्या वॉशरवर दोन वर्तुळे उमटली होती, एक खोल आणि दुसरे किंचित सरकलेले. वॉशर दुसऱ्यांदा वापरला होता. शिसे एकदाच दबते. पहिल्या खुणेवर दुसरी कड बसत नाही आणि जोड अर्ध्या चंद्रकोरीएवढा उघडा राहतो. नळी जोडली की व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करायचा, अमोनिया फिरवायचा आणि मगच पूर्ण उघडायचा. ही एवढी पायरी पाळली असती तर गळती नळीत अडकलेल्या वायूपुरती राहिली असती.

स्क्रबरकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. एक किलो क्लोरीनला हिशेबाने १.१३ किलो कॉस्टिक लागते, म्हणजे पूर्ण टनरला टनाहून जास्त. वीस टक्क्यांच्या द्रावणात ते पाच टनांवर जाते. टाकीतला नमुना काढला तेव्हा कॉस्टिक तीन टक्क्यांवर उतरले होते. ते संपल्यावरही क्लोरीन येत राहिला तर द्रावण आम्लाकडे झुकते, त्यात तयार झालेला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) फुटतो आणि शोषलेला क्लोरीन परत बाहेर पडतो. ब्लोअर चालू ठेवून ताजे कॉस्टिक आधी भरून घेतले.

ऑपरेटरला खोकला होता, डोळे लाल. कपडे उतरवले, डोळे पंधरा मिनिटे धुतले, टेकून बसवून ऑक्सिजन लावला. तासाभरात त्याला बरे वाटू लागले आणि घरी जातो म्हणाला. त्याला जाऊ दिले नाही. क्लोरीन फुफ्फुसात गेल्यावर पाणी साचायला काही तास लागतात आणि मधल्या वेळेत माणूस ठीक दिसतो. रुग्णालयात चोवीस तास देखरेखीखाली ठेवायला सांगितले आणि सोबत सेफ्टी डेटा शीट दिली, कारण ड्युटीवरच्या डॉक्टरला नेमका कुठला वायू ते तोंडी सांगितलेले बरेचदा पोहोचत नाही.

टनर लाल पट्टी बांधून वेगळा ठेवला. पुरवठादाराला स्पिंडल आणि कॅप दोन्हींची नोंद लिहून दिली, म्हणजे उतरवताना कोणी त्याच व्हॉल्व्हला पाना लावणार नाही.