मांडा हवेत थांबला, पण दाराला गोधडी लावून

थांबला एकदाचा. मांडा, म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी, मावशीच्या हातातून सुटताना फोटोत हवेतच गोठवायचा होता. त्यासाठी आखाजीला (अक्षय तृतीयेला) 140 फ्रेम वाया घालवून आलो होतो, तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांनी "एचएसएस लाव, प्रश्न मिटेल" म्हणून सांगितलं होतं. लावलं. आधी त्याचं काय झालं ते सांगतो, म्हणजे माझा राग तरी निघेल.

सामान तेच: कॅनन 200डी कॅमेरा, 50 मिमीची प्राइम लेन्स, गोडॉक्स टीटी600 फ्लॅश आणि तो कॅमेऱ्यावरून उडवणारा एक्स2टी ट्रिगर. जागा तीच, अमळनेरजवळ मावशीच्या घरची मागची पडवी. खापर उपडं घातलेलं, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. मला हवी आहे ती एकच घडी. पुरणाचा उंडा हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरतो आणि खापरावर पडण्याआधी क्षणभर दोन्ही हातांमधून सुटतो, ती.

तर एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड सिंक: फ्लॅश चालू ठेवून शटर एरवीच्या मर्यादेपेक्षा वेगात चालवायची सोय. शटर 1/2000 ला नेलं. मांडा थांबला, पण चूलही थांबली! जाळ पार मेला. मावशी गॅसवर मांडे करतेय असं दिसायला लागलं. ते होणारच होतं. एचएसएसमध्ये फ्लॅश एकच ठोका देत नाही, शटरची फट सेन्सरवरून सरकेपर्यंत बारीक ठोक्यांची माळ लावतो. म्हणजे गोठवायचं काम फ्लॅशचं राहतच नाही, शटरचं होतं. वर पॉवर इतकी पडते की मी आयएसओ 3200 वर गेलो आणि पांढरा मांडा रव्यासारखा दाणेदार झाला. उन्हात नवरदेवाचा फोटो काढायला एचएसएस उत्तम, चुलीपाशी नाही.

परत 1/200 वर आलो, या बॉडीचा सिंक, म्हणजे एका ठोक्याच्या फ्लॅशला चालणारं सगळ्यात वेगवान शटर, तेवढाच आहे. आखाजीला मी फुल पॉवर मारत होतो, ती पहिली चूक. टीटी600चा फुल पॉवरचा ठोका 1/230 सेकंदाचा असतो, म्हणजे शटरपेक्षा फार वेगळा नाहीच. मावशीचा हात सेकंदाला दोन मीटर सरकतो असं धरा, तेवढ्यात मांडा जवळजवळ नऊ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. जोर जास्त म्हणजे फोटो धारदार, हे डोक्यातून काढायलाच मला दोन महिने लागले. स्पीडलाइटमध्ये, म्हणजे अशा छोट्या फ्लॅशमध्ये, पॉवर कमी करणं म्हणजे ठोका मध्येच तोडणं, त्यामुळे पॉवर जितकी कमी तितका ठोका आखूड. याच फ्लॅशचा सगळ्यात आखूड ठोका 1/20000 चा आहे. (सगळ्या स्टुडिओ स्ट्रोबना, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या फ्लॅशना, हे लागू नाही. जुन्या धाटणीच्या कित्येक स्ट्रोबचं उलट असतं, पॉवर कमी केली की ठोका लांबतो. भाड्याने आणणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.)

मग पॉवर 1/16. आता मांड्याच्या पोटातला पुरणाचा कण न् कण दिसला, पण कडेला भूत तसंच. पातळ, राखाडी, एका बाजूला ओढलेलं. फ्लॅशचा ठोका संपल्यावरही शटर उघडं असतं, तेवढ्यात दुसरा उजेड पडला की असं भूत उमटतं. मी जाळाला दोष देत बसलो. पऱ्हाट्या भपकन पेटतात आणि तितक्याच झटकन बसतात, दर फ्रेमला उजेड वेगळा. मावशीला म्हटलं, जाळ कमी कर. ती म्हणाली, "मांडा कच्चा ऱ्हाई ना मंग." दोन मांडे खरंच कच्चे राहिले आणि ते मला खावे लागले.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ट्रिगर बंद केला आणि त्याच सेटिंगवर नुसती एक फ्रेम घेतली. जाळाखेरीज सगळं काळं यायला हवं होतं. आलं काय? मांडा चक्क ओळखू येत होता, आणि उजेड होता उजव्या बाजूचा. अंगणाच्या दाराचा! दुपारी चारचं खानदेशी ऊन पांढऱ्या भिंतीवर आपटून थेट आत येत होतं. जाळ बिचारा निर्दोष.

दाराला गोधडी लावली. बाहेर 43 अंश, आत चूल, त्यात धूर कोंडलेला. मावशीने जे ऐकवलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "मांडा काय तुनाकरता हवामा थांबी का रे भाऊ?" थांबला की पण. भूत गेलं.

आता नवं दुखणं. समोरून दोन मीटरवरून 1/16 अपुरा पडतो आणि समोरचा धूर उजळून सगळ्या फ्रेमवर दुधाळ पडदा धरतो. फ्लॅश पुढे सरकवावा तर मावशीच्या कोपराला लागतो. मी तो नुसता बाजूला ठेवावा म्हणून पलीकडच्या भिंतीपाशी चौरंगावर ठेवला, चालूच राहिला होता, आणि चुकून एक फ्रेम गेली. स्क्रीनवर पाहिलं आणि बसलोच. मांडा मागून उजळलेला! साडीच्या पदरासारखा आरपार, आत पुरणाचे ढग, कडेला बोटांच्या सावल्या, आणि धूर आता पडदा न होता सोनेरी रेघ झालेला.

तेव्हापासून फ्लॅश मागेच आहे, मांड्यापासून मीटरभर, तिरपा. अंतर निम्मं म्हणजे उजेड चौपट, म्हणून 1/32 वरही भागतं आणि ठोका आणखी आखूड मिळतो. लेन्समध्ये थेट उजेड घुसू नये म्हणून काळ्या चार्ट पेपरची सुरळी करून फ्लॅशच्या तोंडाला रबरबँडने बांधली. उजेड नारिंगी करणारी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावली, पण हाफ, म्हणजे फिकी; फुल नाही. फुलने मांडा आणि जाळ एकाच रंगाचे होतात, मग जाळाची गंमत जाते.

सेलबद्दल एक तक्रार. शहरातल्या एका दुकानातून भलतेच एमएएच छापलेले रिचार्जेबल घेतले होते. वीस फ्रेममध्ये फ्लॅश धापा टाकायला लागला. एनेलूपचे 2000 वाले घातले आणि दुपारभर पुन्हा बघावं लागलं नाही. आकड्यांना भुलू नका. आणि ज्या दोघांनी "कुठला फ्लॅश घेऊ" विचारलंय त्यांना: कॅननची 1500डी किंवा 200डी मार्क टू असेल तर आधी हॉटशू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) बघा, मधली पिनच नाही. एका पिनवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडत नाही. बॉडीवरच लावायचा असेल तर दुकानातच लावून बघा.

माझा बेत गोडॉक्सचाच व्ही860 फ्लॅश घ्यायचा होता, लिथियम बॅटरीचा. आता वाटतं, नको. त्याऐवजी दुसरा टीटी600 घ्यावा. दोन्ही 1/32 वर एकत्र मारले तर उजेड 1/16 चा आणि ठोका 1/32 चा. किंवा... हे आत्ता लिहितानाच सुचलं: दुसरा मागे न लावता चुलीच्या तोंडाशी, फुल सीटीओ लावून, जमिनीलगत. जाळ बसला तरी मावशीच्या चेहऱ्यावर जाळाचा रंग टिकेल. हेच करतो. मुंबईला बोराबाजारात, कॅमेऱ्यांच्या बाजारात, पुढच्या आठवड्यात चक्कर आहेच.

फोटो अजून टाकलेला नाही. सगळ्यात धारदार फ्रेम मावशीला मोठी करून दाखवली. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितलं आणि डाव्या अंगठ्यापाशी बोट ठेवलं. तिथे गव्हाच्या दाण्याएवढं भोक.

"मांडा फाटेल शे. हाऊ फोटू कोन्ले दखाडू नको."