फवारणी कोण करणार?

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला बिल नको असते. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी माझे कृषी सेवा केंद्र आहे. तेथे येणारा शेतकरी "भाऊ, वहीत मांडून ठेवा, कापूस मोडला की देतो" एवढे म्हणून औषधाची बाटली पिशवीत टाकतो आणि निघतो. मी मात्र त्याला थांबवून औषधाचे तांत्रिक नाव, प्रमाण, पीक आणि फोन नंबर बिलावर लिहून घेतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासूनची ही सवय आहे. दाट आणि माणसाच्या उंचीची कपाशी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि एकाच पंपात दोन-तीन औषधे, अशी कारणे तेव्हा पुढे आली. यातले आपल्या तालुक्यात काय नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजूनही पडतो.

पोळ्याच्या आधीची गोष्ट आहे. दुपारी दुकानात थोडी उसंत असताना एका शेतावरच्या सालदाराचा फोन आला. शेताचे मालक जळगावला गेले होते आणि सकाळपासून फवारणी करणारा पावरा या आदिवासी जमातीचा मजूर बांधावर कोसळला होता. "भाऊ, त्याले घाम फुटेल शे, तोंडातून लाळ येस. बाटली सापडस नही. आते काय करू?" असे तो एका दमात म्हणाला. शेजारच्या बाईने वाटीभर तूप पाजायला आणले होते. आमच्याकडे कोणत्याही विषावर तूप, दूध नाहीतर मिठाचे पाणी देऊन उलटी काढण्याची पद्धत आहे, आणि अशा वेळी ती जिवावर बेतू शकते, कारण पातळ औषध उलटीबरोबर फुप्फुसात उतरते. तूप बाजूला ठेवायला सांगून मी त्याला मजुराचा भिजलेला सदरा काढायला, पाठ आणि हात साबणाच्या पाण्याने धुवायला, त्याला कुशीवर निजवायला आणि मिळेल त्या गाडीने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितले. पाठीवरच्या चार्जिंगच्या पंपाचे झाकण पाझरत असावे, कारण सदरा पाठीकडूनच ओला होता, असे त्याच्या बोलण्यावरून कळले. औषध पोटातूनच भिनते असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ओल्या कपड्याखालच्या कातडीतून ते तासन्‌तास आत जात राहते.

दुकान मुलावर सोपवून मी बिलबुक घेऊन दवाखान्यात गेलो. त्या मालकाचे बिल त्याच आठवड्यातले होते आणि त्यावर दोन औषधे होती. बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस 40 टक्के आणि सायपरमेथ्रिन 4 टक्के यांचे तयार मिश्रण, आणि तुडतुड्यांसाठी अॅसिफेट. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी मारायची, असे मी बिलाच्या खाली लिहूनही दिले होते. पण फवारणीची मजुरी दोनदा कोण देणार? सालदाराला विचारले तेव्हा दोन्ही एकाच टाकीत गेल्याचे त्याने मान खाली घालून सांगितले.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मजुराच्या पापण्या उघडून पाहिल्या होत्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि त्यावरून ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या विषाचा अंदाज घेऊन त्यांनी त्यावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू केले होते. माझ्या बिलाने तो अंदाज पक्का झाला आणि आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रोफेनोफॉस आणि अॅसिफेट ही दोन्ही त्याच गटातली औषधे आहेत, म्हणजे मजुराच्या अंगात एकाच गटातल्या विषाची दुहेरी मात्रा गेली होती. सायपरमेथ्रिनचा गट वेगळा आणि त्यावर नेमका उतारा नाही. "नाहीतर नातेवाईक 'कपाशीचं औषध' एवढंच सांगतात," असे डॉक्टर बिल हातात घेऊन म्हणाले. दिल्लीच्या एम्सचे राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते, पण तेथेही पहिला प्रश्न औषध कोणते हाच असतो. छातीतला घरघराट कमी होईपर्यंत अॅट्रोपिन चालू ठेवावे लागले. मजुराची बायको आणि लहानगी रात्रभर वऱ्हांड्यात बसून होती. काही दिवसांनी तो चालत घरी गेला.

त्या मजुराला मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेने विक्रेत्यांसाठी सुरू केलेल्या 'देसी' नावाच्या अभ्यासक्रमात आम्हाला बाटलीवरच्या त्रिकोणाचे रंग शिकवतात: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आम्ही ते शेतकऱ्याला सांगतो, पण शेतकरी सावलीत उभा असतो आणि पंप दुसऱ्याच्या पाठीवर असतो. बाटलीबरोबरच्या माहितीपत्रकावरची अक्षरे इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही मला ती वाचवत नाहीत; ज्याला अक्षरओळखच नाही त्याने काय करावे?

म्हणून आता बिल फाडताना मी "फवारणी कोण करणार?" असे विचारतो आणि ते नावही लिहितो. हातमोजे आणि मास्क खरेदीच्या भावात देतो. यात नफा नाही, पण उधारीवर चालणाऱ्या धंद्यात गिऱ्हाईक जिवंत राहणे हाही व्यवहारच आहे. एकाच गटातली दोन औषधे कोणी एकत्र मागितली तर एकच देतो. तालुक्यातल्या काही दुकानदारांनी माझ्या बिलाचा नमुना नेला. एकाने मात्र तोंडावरच सांगितले, "शेठ, एवढे प्रश्न विचाराल तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल." काही गेलेही. तो जळगावला गेलेला मालक मात्र यंदा आपल्या मजुराला बरोबर घेऊन आला, आणि मोज्यांचे माप त्याच्या हातावर पाहून घेतले.