पेशंट तुम्हाला हात कसा लावू देतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुणाचं लग्न असो, बारसं असो, हा प्रश्न येतोच: "अजून डॉक्टरकी शिकतेयस ना, मग पेशंट हात कसा लावू देतात?" इतके दिवस मी हसून "देतात हो" म्हणायचे. खरं सांगायचं तर नाही म्हणता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सरकारी हॉस्पिटल, केसपेपरची लाईन, आणि पांढऱ्या कोटातली पोरं समोर उभी राहिली की माणूस आपसूक बटणं सोडायला लागतो. आणि राग मानू नका, पण तुमच्या आईचा गुडघा खासगीत झाला, तिथे कुणी पोरं आली होती का तो दाबून बघायला?

मेडिसिनच्या पोस्टिंगला एक ताई होत्या, असतील तिशीच्या. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा, तो संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपेवर गेला होता. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे ती झडप अरुंद झालेली. आमच्या भाषेत 'चांगली केस'. म्हणजे तिला वाईट आणि आम्हाला चांगली. सकाळपासून तीन ग्रुप येऊन गेलेले, आमचा चौथा. ही मर्मर, म्हणजे अशा झडपेतून रक्त जाताना होणारा आवाज, ऐकायला पेशंटला डाव्या कुशीवर वळवतात, श्वास सोडून धरायला सांगतात आणि स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकी टेकवतात. मी बेडजवळ गेले, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर ताई आपणहून डाव्या कुशीवर वळल्या, पदर सरकवला, श्वास सोडला आणि धरून ठेवला. ज्यांना दोन जिने चढून धाप लागायची त्यांनी. पडद्याच्या दोन कड्या तुटलेल्या, तिथून पलीकडचे नातेवाईक दिसत होते.

मला काहीही ऐकू आलं नाही. माझ्याच कानात माझंच धडधडत होतं. सरांनी विचारलं, "ऐकू आली?" मी म्हटलं, "हो सर, मिड डायस्टोलिक." म्हणजे हृदय सैल पडतं त्या वेळेच्या मधोमध येणारी मर्मर. पुस्तकातलं होतं ते, छातीतलं नाही.

सगळे पुढच्या बेडकडे गेले तेव्हा ताईंनी माझी बाही धरली. "मॅडम, सगळ्यांनी ऐकलं, काय ऐकू आलं हो?"

मी म्हणाले, सर सांगतील.

आता तुम्ही म्हणाल, नाही ऐकू आलं म्हणायचं होतं. अहो, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, तपासलेल्या पेशंटच्या नोंदींच्या लॉगबुकावर सही, मागे वीस पोरं, म्हणून बघा तुम्ही. आणि आम्ही शिकलो नाही तर उद्या तुम्हाला तपासणार कोण? हे मी स्वतःलाही सांगते, दर वेळी पटतंच असं नाही. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात संमती, संवाद असं सगळं आहे, त्यावर मी फर्स्ट इयरला दोन पानं सुंदर लिहिली होती. ती मुलगी आज भेटली तर मला फाडून खाईल, आणि मी तिला म्हणेन, आधी वॉर्डात ये.

आता मी विचारते, "तपासू का?" परवा एक आजोबा म्हणाले, "नको गं बाई, सकाळपासून तिसरी तू." मी ठीक आहे म्हटलं. डोक्यात मात्र आलं, मग सरकारीत कशाला येता. हे माझ्याच डोक्यात आलं.

लॉगबुकावरची सही राहिली होती. शेजारच्या बेडवरचा झोपला होता, त्याला उठवलं.