पटावर

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 10 सप्टेंबर 2022 ला, माझ्या बारावी आर्ट्सच्या वर्गात मोजून अकरा पोरं होती. बाकीची रात्रभर मिरवणुकीत नाचून झोपलेली. अर्थशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोनच दिवसांपूर्वी आलेला संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल काढला. फळ्यावर लिहिलं: भारत, 191 देशांत 132 वा, मानव विकास निर्देशांक 0.633, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेला आकडा. हा निर्देशांक 1990 पासून काढतात. जगाचा आकडा लागोपाठ दोन वर्षं घसरला तो 2020 आणि 2021 मध्ये, पहिल्यांदाच. आपलं आयुर्मान 2019 मधल्या 69.7 वरून 67.2 वर आलं, म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. कोरोनात प्रत्येकाच्या गल्लीतलं कोणी ना कोणी गेलेलं.

मग लिहिलं: अपेक्षित शालेय वर्षं 11.9. म्हणजे आज शाळेत घातलेलं पोर किती वर्षं शिकेल, त्याचा अंदाज.

मागच्या बाकावरून पंचगंगेकाठच्या चिखलीच्या पोरानं विचारलं, "सर, ही शाळेत गेल्याली वर्षं की पटावरची?"

"पटावरची."

"मग माझी दोन धरू नका."

पोरं हसली. तो नाही हसला. नववीच्या दुसऱ्या सत्राचा शेवट लॉकडाऊननं खाल्ला. दहावी मोबाईलवर, घरात मोबाईल एक, तो बहिणीकडं. हा गुऱ्हाळावर, जाळ घालणाऱ्या जळव्याच्या हाताखाली चुलवाणात चिपाडं सारायला. परीक्षाच रद्द. राज्याचा निकाल 99.95 टक्के, त्यात हाही पास. निकाल लागला 16 जुलै 2021 ला आणि आठवड्याच्या आत पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गावात शिरली. घरच्यांनी आधी म्हशी सोडवल्या. दप्तर राहिलं.

(शाहू महाराजांनी पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड ठेवला होता. नाव घातलं म्हणजे पोरगं शिकलं, असं त्यांनी धरलं नव्हतं. आम्ही दर 26 जूनला त्यावर भाषणं करतो.)

तास संपल्यावर त्याला टेबलाजवळ बोलावलं. निर्देशांकात ते 11.9 अठरानं भागून घेतात, ते करून दाखव म्हटलं. दशांश चिन्हापाशी पेन अडलं. बारावीतला पोरगा. कपाळावर घाम आला त्याच्या. मीही त्याच्याकडं बघेना, कारण वर्षभर त्याच्या वहीवर सही माझीच होती.

"बरं, अठरा रवे गूळ. त्यातले बारा विकले?"

"दोन हिस्सं गेलं, एक हिस्सा पडून." पेन उचललंसुद्धा नाही.

"मग हे तेच की रे!"

तो फळ्याकडं बघत राहिला. "मग तसं सांगायचं न्हवं, सर."

शनिवारी तास संपल्यावर थांबायचं ठरलं. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटणार, मग हा येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. कॅलेंडरवर शनिवार मोजले. तीन निघाले.