एक्स्टेन्शन २०४

सोमवारी सकाळी पुण्याजवळच्या एका कारखान्यातून निरोप आला, की बाहेर एकही कॉल लागत नाही. तिथली फोनव्यवस्था ॲस्टेरिस्क या फोन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर चालते आणि ती सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. पाहिले तर ट्रंकसाठी, म्हणजे बाहेरचे कॉल नेणाऱ्या जोडणीसाठी, आगाऊ भरलेली रक्कम संपली होती. शनिवारी रात्री पावणेदोनपासून सोमालियाच्या २५२ या कोडवर अखंड कॉल गेले होते आणि ते सगळे एक्स्टेन्शन २०४ वरून. हा फोन स्टोअरमध्ये आहे आणि रात्रपाळीचे वॉचमन तिथेच बसतात. मी पोहोचलो तेव्हा ते व्यवस्थापकांच्या केबिनबाहेर उभे होते. "साहेब, मी त्या फोनला हातसुद्धा लावलेला नाही," एवढेच ते मला म्हणाले.

नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या सिप या पद्धतीत आधी 'इन्व्हाइट' हा संदेश जातो आणि तो कोणत्या नेटवर्क-पत्त्यावरून आला, याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत राहते. कारखान्यातल्या सर्व फोनचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. २०४ च्या नावाने आलेले हे इन्व्हाइट मात्र बाहेरच्या इंटरनेटवरून आले होते. शिवाय एकाच सेकंदाला चार-चार कॉल सुरू झाले होते, जे एका माणसाला एका फोनवरून करताच येणार नाहीत. त्या ओळी छापून मी व्यवस्थापकांपुढे ठेवल्या. त्यांनी वॉचमनना आत बोलावले आणि बसायला खुर्ची दिली.

घरून काम करणाऱ्या दोघांसाठी ५०६० हे पोर्ट, म्हणजे सिपचे संदेश सर्व्हरमध्ये येण्याची वाट, साऱ्या जगाला उघडे ठेवले होते. तिथून कोणीतरी १००, १०१, १०२ अशा क्रमाने नोंदणीचे प्रयत्न केले होते. नसलेल्या क्रमांकाला आमचा सर्व्हर ४०४ (सापडला नाही) आणि असलेल्या क्रमांकाला ४०१ (पासवर्ड द्या) असे उत्तर देत होता. म्हणजे कोणत्या दाराला कुलूप आहे, हे आम्हीच चोराला सांगत होतो. २०४ चा पासवर्डही २०४ हाच होता. व्यवस्था हाती घेताना मी जुने पासवर्ड तपासायला हवे होते, ते राहिले. अशा महागड्या क्रमांकांवर बोलल्या गेलेल्या प्रत्येक मिनिटाच्या पैशातून फसवणाऱ्याला वाटा मिळतो, म्हणून ही लूट बहुधा कचेरी बंद असताना, शनिवार-रविवारी होते.

संध्याकाळपर्यंत ५०६० फक्त ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांपुरते उघडे ठेवले, घरून बोलणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी मार्ग दिला, दोन्ही प्रकारच्या क्रमांकांना एकच नकार जाईल अशी सोय केली, आयएसडी बंद केले आणि सगळे पासवर्ड लांबलचक करून टाकले. व्यवस्थापकांनी टीएलएसबद्दल विचारले. संदेश वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते हवेच, पण पासवर्डच ओळखता येण्याजोगा असेल तर चोरही टीएलएसमधूनच आत येतो, हे मी त्यांना समजावून सांगितले.

निघताना गेटवर तेच वॉचमन होते. त्यांनी लॉगच्या छापील पानाची एक प्रत मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.