नववीतल्या पोरांच्या हातात व्हर्नियर द्या

दहावीचा निकाल लागला की कमी मार्क पडलेल्या पोराला घरात सांगतात, जा आता आयटीआयला, जणू शिक्षाच सुनावली. मग ते पोर मान खाली घालून फिटर नाहीतर मशिनिस्टला अ‍ॅडमिशन घेतं, आणि ज्या कामाला डोकं आणि हात दोन्ही लागतात ते काम "अभ्यासात कच्चा" या शिक्क्यासकट शिकायला लागतं. मी इतकी वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात डाय, साचे, हत्यारं बनवतात त्या विभागात, काम करतोय, मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

आमच्या पुण्याजवळच्या भोसरीच्या बाजूला शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील एमआयडीसीतच कामाला, कुणी प्रेसवर कुणी पेंट शॉपला, पण पप्पा तिथे नेमकं काय करतात विचारलं तर मुलं सांगतात "कंपनीत जातात", बास. मी शनिवारी सकाळी नववी-दहावीला मेजरमेंट शिकवायला जातो ते यासाठीच. दहावीनंतर ट्रेड, म्हणजे फिटर, मशिनिस्ट असा आयटीआयचा कोर्स, निवडायचा तर त्याच्या आधी हाताला काहीतरी लागलेलं पाहिजे ना.

सुरुवात व्हर्नियरने करतो, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिचं माप घ्यायचं हत्यार. एकच पिन सगळ्यांनी मोजायची आणि रीडिंग फळ्यावर लिहायचं. प्रत्येकाचं वेगळं येतं! कुणी जॉ (जबडा) जोरात दाबलेला असतो, कुणी वाकडा धरलेला, कुणी पिनची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार कुसळं, काढलेलीच नसते. ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवणारं हत्यार हातात असून वाचन का हलतं, यावर पोरं जी भांडतात ती ऐकण्यासारखी असतात, आणि क्वालिटी म्हणजे काय हे त्यांना तिथेच कळतं, मला वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

सगळ्यात मजा येते साइन बारला, म्हणजे अचूक कोन लावायच्या पट्टीला, जिच्या दोन्ही टोकांना रोलर असतात. त्रिकोणमिती त्यांना भूमितीत असतेच, साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण हे पाठ असतं, पण ते कशाला लागतं कुणी सांगितलेलं नसतं. २०० मिमीचा साइन बार सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट्यावर) ठेवायचा, त्याचा एक रोलर प्लेटवर आणि दुसऱ्याखाली स्लिप गेज, म्हणजे ठरावीक अचूक जाडीचे ठोकळे. बार म्हणजे कर्ण, स्लिपची उंची म्हणजे समोरची बाजू. ३० अंश पाहिजे तर साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून १०० मिमीची स्लिप लावायची. मग मी म्हणतो आता २५ अंश लावा, पोरं कॅल्क्युलेटर काढतात, ८४.५२ येतं, आणि स्लिप जुळवायला बसतात. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिने सगळ्यात आधी जुळवलं. मुलींना टूलरूममध्ये कोण घेणार असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

सेफ्टीसुद्धा याच वयात सांगायला पाहिजे. सगळ्यांना वाटतं हँडग्लोव्हज घातले की सेफ, पण ड्रिल किंवा लेथ फिरत असताना ग्लोव्हज घालायचेच नसतात, कापड अडकलं की हात सोबत ओढला जातो. अंगठी, मनगटातला दोरा, सैल बाही, सगळं तसंच.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करत शिकवायची पद्धत उभी राहिली, वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज सगळं. गावातल्या शाळेला जमतं तर कारखान्यांच्या मधोमध असलेल्या शाळेला का जमू नये?

आता पालकांचं. पोराला कंपनीत नको म्हणणारे वडील चुकीचे नाहीत, त्यांनी वर्षानुवर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलीत, ब्रेक देऊन, म्हणजे मध्येच काम थांबवून, घरी बसवलेलं त्यांनी सोसलंय. माझ्या ओळखीच्या एका पोराला एका कंपनीने अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) म्हणून घेतलं आणि वर्षभर नुसते पार्ट लोड-अनलोड करायला लावले, त्याला ड्रॉइंगसुद्धा कुणी दाखवलं नाही, याची मला अजून चीड येते. म्हणून मी पालकांना सांगतो, सही करायच्या आधी विचारा: करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का, कोणत्या ट्रेडसाठी, शिकवणार कोण, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट आहे का. १९६१ पासून अप्रेंटिस कायदा आहे, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि आयटीआय म्हणजे पुढचे दरवाजे बंद असं अजिबात नाही. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे नववीतच सांगा, निकालाच्या दिवशी नको.

भोसरी, चाकण, तळेगाव भागात टूलरूम किंवा क्वालिटीत काम करणारं कुणी हे वाचत असेल तर जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. दोन-तीन व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि रिजेक्ट झालेले थोडे पार्ट, बर काढून, एवढ्यावर पहिला तास होतो.