हरीण आणि कायोटी, दोन्हीला मिळून एकच स्वस्त रायफल

इकडे टेक्सासमध्ये आपल्या मंडळातली पोरं मला सारखी विचारतात, दादा बजेट कमी आहे, एकच रायफल घ्यायचीय, हरीणही करायचंय आणि रँचवर शेळ्यामेंढ्यांना त्रास देणारे कायोटीही, मग कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कुठलं घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, .२४३ विंचेस्टर.

स्वस्तच बघायचं तर .२२३ रेमिंग्टनला तोड नाही हे खरंय, काडतूस कुठल्याही दुकानात मिळतं, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच आणि कायोटीला एकदम परफेक्ट. टेक्सासमध्ये हरणालाही कायद्याने चालतं कारण इथे बंदी फक्त रिमफायरवर आहे, म्हणजे ज्या काडतुसाच्या कडेवर पिन आपटते त्यांच्यावर, आणि .२२३ तशी नाही. पण उद्या कोलोराडोला शिकारीला गेलात तर तिथे हरणाला .२४ च्या खालचं कॅलिबर चालतच नाही. आणि कायद्याचं सोडा, कायोटीसाठी बनवलेली ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) पातळ कवचाची बुलेट आत शिरल्या शिरल्या फुटते, ती हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर जखम वरवरची होते आणि बिचारं जनावर झाडीत जाऊन तासन् तास तडफडतं. चार पैसे वाचवायला असला प्रकार मला अजिबात मान्य नाही. .२२३ च घ्यायची असेल तर हरणाला निदान जड, न फुटणारी बुलेट वापरा आणि बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचा पीळ, बघून घ्या, १२ इंचात एक फेरा असेल तर जड बुलेट नीट जातच नाही.

.२४३ आली १९५५ ला, .३०८ काडतुसाच्या पितळी नळकांड्याची मान आवळून ६ मिलिमीटरची केलेली. तिच्यात ५८ ग्रेनची हलकी बुलेट टाकली की कायोटीला, १०० ग्रेनची टाकली की हरणाला, इथल्या लानोकडच्या छोट्या व्हाइटटेल हरणांना तर भरपूर झाली, आणि धक्का इतका बेताचा की घरातलं कुणीही न दचकता नेम धरू शकतं. काडतुसं .२२३ पेक्षा बरीच महाग आहेत, मान्य, पण हरणाच्या सीझनला लागतात किती? सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन घ्या, वाचलेले पैसे चांगल्या स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, घाला. ६.५ क्रीडमूरही छानच आहे पण मला कायोटीसाठी ती जास्तीची वाटते.

एक मात्र लक्षात ठेवा, ५८ आणि १०० ग्रेनच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. १०० यार्डावर कागद लावून दोन्ही मारून बघा, भोकांमधलं अंतर मोजा, आणि बुलेट बदलली की स्कोप पुन्हा झिरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा जुळवा, अंदाजपंचे जनावरावर गोळी झाडू नका.

आणि एच-वन वाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो, व्हिसावर असताना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, व्हॅलिड हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, म्हणून आधी कोर्स, मग लायसन्स आणि मगच दुकान.